बीजांकुरण पद्धती

बी रुजून त्यातून सशक्त रोप बाहेर यावे यासाठी पेरणीपूर्वी बियांवर जे उपचार करतात आणि पेरणीच्या वेळी ओलावा, तापमान व हवा यांची जी जुळणी साधतात, त्यांना एकत्रितपणे बीजांकुरण पद्धती म्हणतात. साध्या पाण्यात भिजविणे, आलटून पालटून भिजविणे व वाळविणे, गरम पाण्याचा किंवा अम्लाचा उपचार, कवच घासणे वा फोडणे, शेणमातीत चोळणे, हॉर्मोनाच्या विद्रावात ठेवणे इ. अनेक पद्धती रूढ आहेत. त्यांतील कोणती निवडावी हे बी कोणत्या कारणाने उगवत नाही किंवा उशिरा उगवते यावर अवलंबून असते. हरभऱ्याच्या पिकाला ज्या भिजवण्याने हात दिला जातो त्याच भिजवण्याने सोयाबीनचे बी निकामी होते. सोयाबीनचे बी ज्या वाळवणाने टिकते त्याच वाळवणाने मोहाचे बी मरते. म्हणून पद्धतीची निवड ही प्रथम बियांच्या परीक्षेची व नंतर उपचाराची बाब आहे.

महाराष्ट्रातील यवतमाळ जिल्हा या विषयाच्या अभ्यासास विशेष सोयीचा आहे. वर्धा व पैनगंगा या नद्यांच्या दरम्यान पसरलेल्या या जिल्ह्यात काळ्या भारी जमिनीवर कापूस, सोयाबीन, तूर, ज्वारी व हरभरा ही पिके होतात, तर डोंगराळ भागात सागाची शुष्क पानझडी वने आहेत. टिपेश्वर व पैनगंगा ही अभयारण्ये याच वनांत आहेत. त्यामुळे कोवळ्या टरफलाच्या सोयाबीनपासून दगडासारख्या आठळीच्या सागापर्यंत बियांचे बहुतेक सर्व प्रकार एकाच जिल्ह्यात हाताळले जातात. शेती बहुतांशी कोरडवाहू आहे. सरासरी वार्षिक पर्जन्यमान सुमारे ९०० ते १,००० मिमी. असले, तरी जूनमधील पहिल्या पावसानंतर खंड पडणे ही नित्याची गोष्ट होय. २०२३ मध्ये तर मोसमी पाऊस विदर्भात जूनच्या चौथ्या आठवड्यात पोहोचला. पहिली पेरणी वाया गेल्यास दुबार पेरणीसाठी बियाणे, मजुरी व खत यांचा खर्च पुन्हा करावा लागतो. तो बहुधा कर्ज काढूनच होतो आणि हंगामाचे दोन-तीन आठवडे हातचे जातात ते वेगळेच. बी रुजण्याचा प्रश्न येथे कुटुंबाच्या वर्षभराच्या मिळकतीशी असा थेट जोडलेला आहे.

अंकुरणाची क्रिया : कोरड्या बियांत साधारणतः १० ते १२ टक्के पाणी असते व गर्भ जिवंत असूनही जवळजवळ निष्क्रिय असतो. ओलावा मिळताच बी पाणी शोषून फुगते. हे शोषण भौतिक स्वरूपाचे असून मेलेले बीसुद्धा फुगते. त्यामुळे बी फुगले म्हणजे ते उगवणार असे समजणे चुकीचे आहे. त्यानंतरच्या दुसऱ्या टप्प्यात पाण्याचे शोषण मंदावते, परंतु आतील व्यवहार जोरात सुरू होतात : श्वसन वाढते, एंझाइमे (रासायनिक विक्रिया घडवून आणणारी प्रथिने) साठविलेल्या स्टार्चाचे, तेलाचे व प्रथिनांचे विघटन करू लागतात आणि साठवणीच्या काळात झालेली कोशिकापटलांची मोडतोड दुरुस्त होते. तिसऱ्या टप्प्यात आदिमूळ टरफल भेदून बाहेर येते. यालाच मोड येणे म्हणतात.

पद्धतीच्या निवडीच्या दृष्टीने या तीन टप्प्यांतील एक सीमारेषा फार महत्त्वाची आहे. आदिमूळ बाहेर येण्यापूर्वी बहुतेक धान्य-कडधान्यांचे बी पुन्हा वाळविले तरी जिवंत राहते व पुढे पाणी मिळताच उगवते. आदिमूळ बाहेर आल्यावर मात्र वाळण्याची सहनशक्ती झपाट्याने नाहीशी होते आणि मग पडलेला खंड घातक ठरतो. भिजवून सुकविण्याच्या सर्व पद्धती या रेषेच्या अलीकडे थांबतात. दुबार पेरणीचे संकट या रेषेच्या पलीकडचे असते.

अंकुरणक्षमतेची परीक्षा : कोणताही उपचार ठरविण्यापूर्वी बी जिवंत आहे की नाही हे पाहणे आवश्यक असते, कारण मृत बियांना कोणत्याही पद्धतीने जीव येत नाही. बीजपरीक्षेचे शास्त्र फ्रीड्रिख नोबे यांनी जर्मनीत थारांट येथे १८६९ मध्ये स्थापन केलेल्या केंद्रापासून सुरू झाले असे मानतात. १९२४ मध्ये आंतरराष्ट्रीय बीजपरीक्षण संघ स्थापन झाला व त्याच्या नियमांनुसार प्रयोगशाळांत प्रत्येकी १०० बियांचे चार नमुने ठराविक तापमानाला ठेवून मोजतात. भारतात बियाणे अधिनियम १९६६ मध्ये संमत झाला. प्रमाणित बियाण्यासाठी ठरविलेली किमान उगवण सोयाबीन ७०, तूर व ज्वारी ७५ आणि गहू व हरभरा ८५ टक्के अशी आहे. सोयाबीनची मर्यादा एवढी खाली ठेवावी लागली यातच त्या बियांचा नाजूकपणा दिसून येतो.

घरच्या घरी हीच परीक्षा गोणपाटावर करता येते. पोत्याच्या वरच्या, मधल्या व तळच्या भागांतून मूठमूठ बी काढून एकत्र मिसळतात आणि त्यातून न निवडता १०० दाणे मोजून घेतात. टपोरे दाणे वेचून परीक्षेस लावण्याचा मोह अनेकांना होतो. परंतु त्यामुळे परीक्षा पोत्याची न होता वेचणाऱ्याच्या नजरेची होते. ओल्या गोणपाटावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी थोड्या अंतराने मांडून वर दुसरे ओले गोणपाट अंथरतात, सैलसर गुंडाळी करून ती सावलीत ठेवतात व पाणी शिंपडून ओल टिकवितात. सोयाबीनची मोजणी सात-आठ दिवसांनी करतात. मूळ व खोड दोन्ही धड असलेले मोडच मोजावयाचे. वेडेवाकडे, मूळ तुटलेले वा बुरशीने ग्रासलेले मोड सोडून द्यावयाचे. अशी परीक्षा तीन-चार वेळा करून सरासरी काढल्यास निष्कर्ष भरवशाचा होतो. सोयाबीनची उगवण ७० टक्के असताना हेक्टरी ७५ किग्रॅ. बी लागते असे धरले, तर ६० टक्के उगवणीच्या बियांचे प्रमाण ७५ × ७० ÷ ६० म्हणजे सु. ८८ किग्रॅ. होते. त्याहून कमी उगवणीचे बी पेरणीस न वापरणेच इष्ट, कारण अशा पोत्यातील जिवंत दाणेही बहुधा निस्तेज असतात.

जेथे मोड येण्यास आठवडे लागतात तेथे टेट्राझोलियम परीक्षा उपयोगी पडते. बी भिजवून, उभे चिरून ट्रायफिनिल टेट्राझोलियम क्लोराइडाच्या विरल विद्रावात ठेवले असता जिवंत पेशीसमूह लाल होतात व मृत भाग रंगहीन राहतो. ही रीत जर्मन शास्त्रज्ञ गेओर्ग लाकोन यांनी १९४० च्या दशकात प्रचारात आणली.

परीक्षेची परंपरा प्रयोगशाळेबाहेरही आहे. घटस्थापनेला घटाभोवतीच्या मातीत पेरलेले धान्य नऊ दिवसांत किती दाट व उंच येते यावरून साठवणीतल्या बियांचा अंदाज जाणती माणसे बांधीत आली आहेत. पुसद, दिग्रस व दारव्हा भागांतील बंजारा तांड्यांवर श्रावणात तीज सणासाठी मुली टोपल्यांतील मातीत गहू पेरून त्याला रोज पाणी घालतात. तेथेही बी कसे निपजले ते सर्वांसमोर येते. या विधींचा हेतू अर्थातच निराळा आहे.

सोयाबीन : या बियांत प्रसुप्ती (अनुकूल परिस्थितीतही न उगवण्याची अवस्था) व्यवहारतः नसते, येथील प्रश्न टिकण्याचा असतो. टरफल अतिशय पातळ असते व आदिमूळ टरफलाच्या लगतच असल्याने मळणीयंत्रातील मार, पोती आपटणे किंवा उंच थप्पीचा दाब यांमुळे त्यास इजा होते. दाणा वरून धड दिसतो, पण उगवत नाही. शिवाय काढणी ऑक्टोबरात व पेरणी जूनमध्ये होत असल्याने बियांना विदर्भाचा ४५° से. पर्यंत जाणारा उन्हाळा साठवणीत काढावा लागतो. अमेरिकन शास्त्रज्ञ जे. एफ. हॅरिंग्टन यांच्या सर्वपरिचित आडाख्याप्रमाणे बियांतील पाणी (५ ते १४ टक्क्यांच्या मर्यादेत) एक टक्क्याने किंवा साठवणीचे तापमान ५° से. ने कमी केल्यास बियांचे आयुष्य दुप्पट होते. पत्र्याच्या छपराखाली, भिंतीला लागून ठेवलेल्या पोत्यांत याच्या उलट घडते.

याचा अनुभव २०२० च्या खरीप हंगामात महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर आला. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये काढणीच्या ऐन वेळी अवकाळी पाऊस झाला. शेंगांतील दाणे भिजले, काही ठिकाणी शेंगेतच मोड आले. पुढील जूनमध्ये मराठवाडा व विदर्भ या विभागांतून सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी हजारोंनी आल्या व मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्यांची स्वतःहून दखल घेतली. शेंगेत भिजून पुन्हा वाळलेल्या बियांचा जोम आधीच खर्ची पडलेला असतो. अशा बियांची गोणपाटावरील उगवण समाधानकारक दिसली, तरी शेतातील ढेकळांत व कमीजास्त ओलीत ते टिकत नाही. म्हणून प्रयोगशाळांत जोम पाहण्यासाठी सोयाबीनचे बी ४१° से. तापमानाच्या दमट हवेत ७२ तास ठेवून नंतर त्याची उगवण मोजतात. याला प्रवेगित जरण परीक्षा म्हणतात.

सोयाबीनचे बी पेरणीपूर्वी पाण्यात भिजवू नये. कोरडे बी एकदम पाण्यात पडले की पाणी वेगाने आत शिरते, कोशिकापटले सावरण्यापूर्वीच फाटतात, आतील शर्करा व लवणे बाहेर झिरपतात आणि दलिकांना (बीजदलांना) तडे जातात. झिरपलेल्या शर्करेवर मातीतील बुरशी पोसते. टरफल आधीच तडकलेले असेल, तर ही हानी अधिक होते. या पिकासाठी योग्य पद्धत म्हणजे बियांना सावकाश पाणी मिळेल अशी व्यवस्था करणे होय. सु. ७५ ते १०० मिमी. पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल गेल्यावर वापसा येताच ३ ते ४ सेंमी. खोलीवर पेरणी करतात. बियांना प्रथम बुरशीनाशक व पेरणीच्या थोडे आधी जिवाणुसंवर्धक चोळतात. क्रम उलटल्यास जिवाणू मरतात. हे चोळणेही हलक्या हाताने करावे लागते. खोली वाढवून चालत नाही, कारण सोयाबीनचा अधराक्ष (दलिकांखालचा खोडाचा भाग) कमानीसारखा वाकून दोन्ही दलिका मातीबाहेर ओढून काढतो. पेरणीनंतर जोराचा पाऊस पडून लगेच ऊन पडले की काळ्या जमिनीवर खपली धरते व ही कमान खपलीखाली मोडते. रुंद वरंबा-सरी पद्धतीत पाण्याचा निचरा होत असल्याने भारी जमिनीत बियांना हवा मिळते.

सोयाबीन हे स्वपरागित पीक असल्याने सरळ वाणाचे घरचे बी दोन-तीन वर्षे वापरता येते. त्यामुळे वरील परीक्षा व साठवण यांचे ज्ञान शेतकऱ्याला रोखीच्या खर्चातून वाचविणारे आहे.

कापूस : सरकीची अडचण निराळी आहे. वेचलेल्या कापसातून रुई काढल्यावरही सरकीवर आखूड लव राहते. ही लव हवा धरून ठेवते, त्यामुळे पाणी टरफलापर्यंत उशिरा पोहोचते. शिवाय सरक्या एकमेकींना चिकटून तिफणीच्या नळ्यांतून सुट्या पडत नाहीत. यावर वऱ्हाडात सरकी शेणमातीच्या काल्यात चोळून सावलीत सुकविण्याची रीत होती. लव बसून जाते, दाणे सुटे होतात आणि पाणी लवकर शोषले जाते, असा तिहेरी उपयोग तीत होता. कठीण बियांना शेणाचा लेप द्यावा असा निर्देश कौटिलीय अर्थशास्त्रात आढळतो, त्यावरून ही कल्पना किती जुनी आहे हे कळते.

आधुनिक पद्धतीत लव अम्लाने काढतात. प्लॅस्टिकच्या भांड्यात एक किग्रॅ. सरकीला सु. १०० मिलि. तीव्र सल्फ्यूरिक अम्ल या प्रमाणात घेऊन दोन-तीन मिनिटे ढवळतात. लव जळून बी काळे व गुळगुळीत होताच ते भरपूर पाण्याने अनेकदा धुतात, चुन्याच्या निवळीने उरलेले अम्ल उदासीन करतात व पुन्हा धुऊन वाळवितात. धुताना तरंगणारे पोचट बी काढून टाकता येते व टरफलावरील रोगजंतूंचाही नाश होतो. अम्ल त्वचा व डोळे यांना अत्यंत घातक असल्याने हे काम बीजोत्पादकांच्या प्रक्रिया केंद्रांतच करणे योग्य होय. आज पाकिटातून मिळणारी संकरित सरकी अशीच लवविरहित व वर औषध लावलेली असते. तिला पुन्हा शेणमाती चोळल्याने किंवा ती धुतल्याने औषध निघून जाते व लाभ काहीच होत नाही.

सी. टी. पटेल यांनी सुरत येथे विकसित केलेला एच-४ हा पहिला संकरित कापूस १९७० मध्ये प्रसारित झाला व २००२ मध्ये बीटी कापसाला भारतात परवानगी मिळाली. या दोन घटनांनी बी रुजविण्याचे अर्थशास्त्रच बदलले. देशी कापूस तिफणीने दाट पेरीत व नंतर विरळणी करीत. काही बी मेले तरी ओळ भरून निघे. संकरित बी महाग, पाकिटात अर्ध्या किलोपेक्षाही कमी आणि ते फुलीवर एकेक टोबले जाते. येथे एक बी न उगवणे म्हणजे शेतात एक मोकळी जागा पडणे होय. म्हणून लागवडीच्या दिवशीच थोडे बी कागदाच्या वा प्लॅस्टिकच्या लहान पिशव्यांत लावून ठेवतात व आठ-दहा दिवसांनी खाडे भरण्यासाठी ती रोपे वापरतात. उशिरा भरलेले खाडे शेजारच्या झाडांच्या सावलीत दबून जातात.

पाऊस येण्यापूर्वी कोरड्या जमिनीत सरकी टाकण्याच्या धूळपेरणीबद्दल मतभेद आहेत. पहिल्याच पावसात पीक उभे राहून ते किडींच्या व उलंगवाडीच्या आधी लांब हंगाम घेते, हा तिचा गुण होय. तिच्यातील धोका कोरडेपणाचा नसतो, कारण धुळीत पडलेले कोरडे बी काही दिवस सुरक्षित राहते. खरा धोका हलक्या पावसाचा असतो. दहा-पंधरा मिमी. सरीने वरचा थर तेवढा भिजतो, बियांना मोड येतो, खालची माती कोरडीच राहते आणि मग आठ दिवसांचे ऊन पडते. मोड आलेले बी वर सांगितलेली सीमारेषा ओलांडून गेलेले असल्याने ते पुन्हा थांबू शकत नाही. म्हणून ओलिताची सोय असलेल्या शेतकऱ्याने धूळपेरणी केल्यास ती पद्धत ठरते, कोरडवाहू शेतकऱ्याने केल्यास तो डाव ठरतो. मृग लागला म्हणून पेरणी न करता कुदळीने उकरून ओल किती खोल गेली आहे ते पाहणे, ही कोरडवाहू शेतीतील सर्वांत स्वस्त अंकुरण पद्धती म्हणावी लागेल.

हरभरा, ज्वारी, गहू व तूर : रब्बीत परिस्थिती उलटी असते. वरचा थर दिवसेंदिवस वाळत जातो व बियांना लवकर रुजण्याची घाई असते. अशा वेळी हरभरा सु. ८ तास, ज्वारी १० तास व गहू १२ तास पाण्यात भिजवून, पृष्ठभाग सुकण्यापुरता सावलीत पसरून त्याच दिवशी पेरल्यास उगवण लवकर व एकसारखी होते. ही मर्यादा ओलांडू नये. रात्री भिजत घातलेला हरभरा दुसऱ्या दिवशी पाऊस आल्याने पेरता आला नाही, तर तो सावलीत वाळवून ठेवता येतो. पण मोड डोकावू लागले असतील, तर तो उसळीसच योग्य. अर्थशास्त्रात धान्याचे बी सात रात्रींपर्यंत दवात भिजू द्यावे व उन्हात सुकवावे असे सांगितले आहे; त्यामागेही हेच तत्त्व दिसते. हरभरा व तूर यांच्या दलिका मातीतच राहतात व केवळ कोंब वर येतो, त्यामुळे ही बिये थोडी खोल, ओलीच्या थरात टाकता येतात.

कठीण टरफलाची बिये : बाभूळ, बहावा, सुबाभूळ इ. शिंबावंत झाडांच्या बियांत गर्भ तयार असतो, परंतु टरफलाच्या बाहेरच्या थरातील दाट व मेणचट कोशिका पाणी आत येऊ देत नाहीत. येथे नुसते भिजविणे व्यर्थ ठरते. उकळलेले पाणी आचेवरून उतरवून त्यात बाभळीचे बी टाकतात व पाणी निवून २४ तास होईपर्यंत तसेच ठेवतात. फुगलेले बी पेरतात, न फुगलेल्यांवर उपचार पुन्हा करतात. पाणी चुलीवर उकळत असताना बी टाकल्यास ते शिजते. बहाव्याला गरम पाणी बहुधा पुरत नाही. त्याचे टरफल गर्भाच्या विरुद्ध टोकाला कानशीने घासावे लागते. वऱ्हाडातील बाभूळबनांच्या प्रदेशात शेळ्यामेंढ्या बसविलेल्या वाड्यांतून बी गोळा करण्याची रीत आहे. शेळी शेंगा खाते, पोटातील अम्लामुळे टरफल मऊ होते व लेंड्यांतून बाहेर पडलेले बी चांगले उगवते. अम्लाचा उपचार येथे कोणीही न शिकविता होतो.

साग : यवतमाळच्या वनांचे हे प्रमुख झाड बी रुजविण्याच्या दृष्टीने सर्वांत हट्टी आहे. व्यवहारात ज्याला सागाचे बी म्हणतात ते वस्तुतः फळ असते. फुग्यासारख्या संवर्ताच्या आत लव्हाळ गराचे जाड आवरण व त्याच्या आत दगडासारखी आठळी असते. आठळीत चार कप्पे असतात, पण त्यांत बहुधा एक-दोनच बिया भरतात व काही फळे तर पूर्ण पोकळ निघतात. किलोत साधारणतः एक ते तीन हजार फळे भरत असली, तरी मिळणारी रोपे त्या मानाने फारच थोडी असतात. ताज्या फळांपेक्षा एक वर्ष ठेवलेली फळे अधिक उगवतात, आणि एकाच वाफ्यातील काही फळे दोन आठवड्यांत तर काही दुसऱ्या वर्षीच्या पावसात फुटतात. वनात ही विषमता झाडाच्या फायद्याची असते, कारण एका वाईट पावसाळ्यात सर्व संतती नष्ट होत नाही. रोपवाटिकेत मात्र तीच डोकेदुखी ठरते. केरळमधील निलांबूर येथे एच. व्ही. कॉनोली यांनी १८४० च्या दशकात सागाची लागवड आरंभिली, तेव्हाही बी उगवत नाही हीच पहिली अडचण होती. चातू मेनन यांच्या देखरेखीखाली ती दूर होऊन लागवड यशस्वी झाली.

सागाच्या उपचाराचा मुख्य हेतू बाहेरचा गर कुजवून काढणे, त्यातील अंकुरणरोधक द्रव्ये धुऊन टाकणे व आठळीच्या झडपा सैल करणे हा असतो. सर्वांत भरवशाची पद्धत म्हणजे फळे पोत्यात भरून १२ तास पाण्यात बुडविणे व नंतर १२ तास कडक उन्हात पसरणे, असे १० ते १४ दिवस करणे. वाहते पाणी मिळाल्यास रोधक द्रव्ये अधिक चांगली निघून जातात; साचलेले पाणी रोज बदलावे लागते. दुसऱ्या पद्धतीत खड्ड्यात फळांचे व मातीचे किंवा पालापाचोळ्याचे एकावर एक थर देऊन ते काही आठवडे ओले ठेवतात. काही ठिकाणी फळे वाळवी असलेल्या जमिनीवर पातळ पसरतात. वाळवी लव्हाळ गर खाऊन टाकते आणि आठळीला हात लावीत नाही. सल्फ्यूरिक अम्लाच्या उपचाराचे निष्कर्ष सागाच्या बाबतीत एकसारखे आलेले नाहीत, म्हणून कापसावरील अनुभव येथे लागू करू नये. मे महिन्यात प्रखर उन्हाची हमी व पाण्याची टंचाई असल्याने यवतमाळसारख्या भागात भिजविण्या-वाळविण्याची पद्धत थोड्या फळांसाठी, तर खड्ड्याची पद्धत मोठ्या रोपवाटिकेसाठी सोयीची पडते.

उपचारानंतर फळे गादीवाफ्यावर उथळ पेरून उन्हातच ठेवतात. सावली केल्यास उगवण घटते. उगवण अशी अनियमित असल्यामुळे रोपे एक वर्ष वाफ्यात वाढवून अंगठ्याएवढ्या जाडीची झाल्यावर खोड व मूळ छाटून त्यांचे ठोंब (स्टंप) करतात व पावसाच्या आरंभी कायम जागी लावतात. बी रुजण्याची अनिश्चितता वाफ्यातच संपवून शेतकऱ्याच्या वा वनखात्याच्या हाती निश्चित रोप देणारी ही युक्ती आहे.

अल्पायुषी बिये : मोह, कडुनिंब इ. झाडांची फळे पावसाळ्याच्या तोंडाशी पिकतात व त्यांच्या बिया लगेच रुजण्यासाठीच घडलेल्या असतात. कडुनिंबाचा गर धुऊन बी सावलीत सुकवून काही आठवड्यांच्या आत पेरावे लागते. मोहाचे तेलकट बी तर वाळणेच सहन करीत नाही. धान्य-कडधान्यांना मोड येईपर्यंत जी सहनशक्ती असते ती या बियांना मुळातच नसते. उन्हात वाळवून डब्यात ठेवलेले मोहाचे बी तेल काढण्यास उत्तम, पण पेरण्यास निरुपयोगी असते. येथे कोणताही उपचार करावयाचा नसतो. जून-जुलैमध्ये झाडाखाली पडलेली पिकली फळे वेचून, गर काढून त्याच आठवड्यात बी पिशव्यांत लावतात. मूळ लवकर खोल जात असल्याने पिशवी उंच घेतात व रोपे पुढील पावसाळ्यात हलवितात.